यादी आणि प्रामाण्य : संशोधनपर नियतकालिकांच्या विश्वसनीयतेची चिकित्सा

१. विद्यापीठ अनुदान आयोगानें ‘केअर’ नांवाची संशोधनपर नियतकालिकांची यादी बंद केल्याचें फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर केलें, आणि तिच्या जागीं नियतकालिक कसें पारखावें याचे कांहीं सूचक निकष अध्यापकांच्या व संस्थांच्या हातीं दिले. ही गोष्ट महाविद्यालयांतील मंडळींपुरती आहे, आपल्या रुमालांशीं व पोथ्यांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, असें आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकासही बरींच वर्षें तसेंच वाटत होतें. परंतु एका महजराच्या प्रकरणांत हा समज खोटा ठरला. तें प्रकरण प्रथम निवेदन करून मग यादीचा, मुक्तद्वार प्रकाशनाचा व नियतकालिकांच्या प्रामाण्याचा विचार क्रमानें करावयाचा आहे. लेखाच्या शेवटीं त्या महजराच्या मितीची दुरुस्ती दिली आहे. खरें पाहतां हा लेख लिहिण्याचें तेंच मुख्य कारण होय.

२. प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अध्यापक आहे. गोदाकांठच्या एका गांवीं जुन्या वतनदार घराण्यांत त्यास मोडी कागदांचा एक रुमाल पाहावयास मिळाला. त्यांत पाटीलकीच्या तंट्याचा एक महजर होता. गोतास बसलेल्या मंडळींचीं नांवें, बलुतेदारांच्या निशाण्या, अखेरीस मिति, सर्व जेथल्या तेथें होतें. त्यानें भ्रमणध्वनीवर छायाचित्रें घेतलीं, वाचन केलें, आणि लेख सिद्ध करून २०१७ सालीं तो मजकडे आणला. लेख कोठें पाठवितोस असें विचारतां त्यानें एक भारदस्त इंग्रजी नांव सांगितलें. तें नांव मीं कधीं ऐकलें नव्हतें. “आयोगाच्या यादींत आहे काय?” एवढेंच मीं विचारलें. “आहे, गुरुजी,” असें म्हणून त्यानें यादींतील तें पान काढून दाखविलें. माझें समाधान झालें. लेख वरवर चाळून मीं त्यास परत दिला.

३. तिसऱ्या दिवशीं स्वीकृतीचें पत्र आलें. दोन तज्ज्ञांनीं लेख तपासून पसंत केला आहे, असें त्यांत लिहिलें होतें. शुल्क भरतांच आठवड्याच्या आंत लेख प्रसिद्ध झाला, आणि त्यासोबत एक रंगीत प्रमाणपत्रही आलें. आतां लेखांतील चूक पाहा. महजराच्या अखेरीस ‘सलास खमसैन मया व अलफ’ असा सन आहे. सलास ३, खमसैन ५०, मया १००, अलफ १०००, मिळून ११५३ होतात. हा शुहूर सन होय. मृगसालाच्या हिशेबानें त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले असतां इ. स. १७५२-५३ येतें. लेखांत मात्र तो हिजरी सन समजून इ. स. १७४०-४१ असें वर्ष दिलें गेलें. बारा वर्षांचा फरक पडला, आणि तो केवळ आंकड्यांचा राहिला नाहीं. शाहू छत्रपतींचें निधन डिसेंबर १७४९ मध्यें झालें. महजरांत ‘कैलासवासी महाराज’ असा जो उल्लेख आहे, तो १७५२-५३ सालीं शाहूंकडे सरळ लागतो. वर्ष १७४० धरल्यामुळें लेखकास तो उल्लेख ओढूनताणून मागच्या पिढीकडे न्यावा लागला, आणि त्यावरून वतनाची एक पिढी अधिक कल्पावी लागली. मोडी कागद हाताळलेल्या कोणाही जाणत्याच्या ही चूक पाव घटकेंत ध्यानांत आली असती. अर्थात् ते दोन तज्ज्ञ एक तर नव्हतेच, किंवा असल्यास त्यांनीं लेख वाचलाच नव्हता.

४. पुढें मे २०१८ मध्यें आयोगानें आपल्या यादींतून ४,३०५ नियतकालिकें वगळलीं. त्यांत याचेंही नांव होतें. कालांतरानें त्याचें संकेतस्थळही नाहींसें झालें. तथापि लेखांतील चूक नाहींशी झाली नाहीं. ती तोंवर दोन लेखांत व गांवच्या एका स्मरणिकेंत जाऊन बसली होती. इकडे रुमालाचे मालक वारले, वाड्याच्या वाटण्या झाल्या, आणि रुमाल कोणाच्या हातीं गेला याचा पत्ता लागत नाहीं. म्हणजे अस्सल गेलें, वाचन छापणारें नियतकालिक गेलें, राहिली ती चूक. दुसऱ्या चांगल्या नियतकालिकानें लेख पुन्हां घ्यावा म्हणावें, तर एकदां प्रसिद्ध झालेला लेख दुसरीकडे छापूं नये हा नियम आडवा येतो. आणि तो नियम योग्यच आहे. त्या नियतकालिकाचें नांव येथें देत नाहीं. तें आतां नाहीं, आणि दोषाचा मोठा वाटा त्याचा नव्हे, माझा आहे. मीं यादी तपासली, लेख तपासला नाहीं. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाकडून हें व्हावें, ही खेदाची गोष्ट होय.

५. ज्या यादीवर मीं भरंवसा ठेवला ती कशी झाली, हें आतां पाहूं. २००९ च्या नियमांनीं पीएच. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं निदान एक लेख प्रसिद्ध झालेला असावा असें ठरलें. २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांच्या हिशेबावर आल्या. पुढें २०१८ च्या नियमांत तर यादींतील किंवा तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकांतील एका लेखास भाषा व मानव्यविद्यांत १० गुण आणि शास्त्रशाखांत ८ गुण असा दरच ठरून गेला. लेखास असा भाव आला म्हणजे लेख छापून देणारीं दुकानें निघणारच. तीं निघालीं, तेव्हां त्यांस आळा घालण्यासाठीं आयोगानें २०१७ सालीं मान्य नियतकालिकांची यादी केली. परंतु तींत कांहीं नांवें मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींवरून घेतलीं, आणि कांहीं निरनिराळ्या विद्यापीठांनीं सुचविलीं तशीं घेतलीं. दुसऱ्या वाटेनें जें आंत शिरलें, तें कोणीं कसून पाहिलें नाहीं.

६. हें उघडकीस आणण्याचें श्रेय मुख्यतः पुण्याकडे जातें. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांचे सहकारी यांनीं विद्यापीठांनीं सुचविलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ नमुन्यादाखल निवडलीं, मोठ्या सूचींत असलेलीं ३२७ बाजूस काढलीं, आणि उरलेल्या १,००९ ची छाननी करून निष्कर्ष मार्च २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्यें प्रसिद्ध केला. ३४.५ टक्के नियतकालिकें प्राथमिक कसोटीसच उतरलीं नाहींत; त्यांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांचीं नांवें हीं नव्हतीं वा चुकीचीं होतीं. आणखी ५२.३ टक्क्यांनीं खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची योग्यता तोकडी होती. कोणाचा आयएसएसएन क्रमांक चुकीचा, कोणाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काल्पनिक. एकंदरींत सूचींबाहेरच्या अशा नियतकालिकांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाचीं असावींत, असा त्यांचा कौल पडला. या छाननीची पद्धति स्तुत्य आहे, कारण नमुना कसा निवडला आणि कोणत्या पायरीवर कोण गळालें हें त्यांनीं उघड मांडलें आहे. कोणासही तोच मार्ग पुन्हां चालून पाहतां येतो. मात्र तिची मर्यादाही ध्यानांत ठेविली पाहिजे. ही छाननी नियतकालिकांच्या देवडीवरची आहे. आंतील लेख खरे कीं खोटे, हें ती सांगत नाहीं, आणि तसा तिचा दावाही नाहीं.

७. यानंतर २०१९ सालीं ‘केअर’ यादी आली. तिचें काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांतील प्रकाशननीतीच्या केंद्राकडे दिलें होतें. ही यादी पहिलीपेक्षां निःसंशय बरी होती. तरीही तिच्यामागें एक नवीनच रोग लागला. यादींत नांव मिळविणें कठीण झालें, तेव्हां ठकांनीं यादींतील प्रामाणिक नियतकालिकाचें नांव व क्रमांक जसाच्या तसा उचलून त्याचें तोतया संकेतस्थळ उभें केलें. लेखक तेथें पैसे भरी, आणि मूळ संपादकास त्याचा गंधही नसे. अशा तोतयांची वेगळी यादी केअरला प्रसिद्ध करावी लागली. आपल्या इतिहासांत सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तो भाऊंच्या नांवास वजन होतें म्हणून; क्षुल्लक माणसाचा तोतया कोणी होत नाहीं. यादीस जितकें वजन चढलें, तितका तोतयेगिरीचा नफा वाढला. शेवटीं आयोगानें यादीच काढून टाकली, आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोंपविली. हा निर्णय तत्त्वतः योग्य आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. परंतु गुणांचा दर तसाच ठेवून नुसती यादी काढली, तर बाजार बंद होत नाहीं, फक्त तराजू नाहींसा होतो. पीएच. डी. साठीं लेखाची सक्ति २०२२ च्या नियमांनीं काढली, हें मात्र मुळावरचें औषध झालें.

८. येथें एक शास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. मीमांसक ज्ञानाचें प्रामाण्य स्वतःसिद्ध मानतात; नैयायिक तें परतः, म्हणजे बाहेरच्या साधनानें, सिद्ध करावें लागतें असें म्हणतात. यावर मीमांसकांचा आक्षेप असा कीं, ज्या साधनानें प्रामाण्य ठरविलें, त्याचें प्रामाण्य कशानें ठरलें? त्याच्यासाठीं दुसरें साधन, दुसऱ्यासाठीं तिसरें, अशी अनवस्था येते. यादीवर हाच आक्षेप जसाच्या तसा येतो. लेख खरा, कारण नियतकालिक मान्य. नियतकालिक मान्य, कारण तें यादींत आहे. यादी मान्य, कारण ती आयोगाची आहे. या सांखळींत लेख वाचलेला माणूस कोठेंच नाहीं. नैयायिकांचा आप्त कोण, तर जो वस्तु प्रत्यक्ष जाणतो आणि जाणली तशीच सांगूं इच्छितो तो. हें लक्षण माणसाचें आहे, शिक्क्याचें नव्हे. म्हणून नियतकालिकाचें प्रामाण्य शोधावयाचें तर तेथें असा जाणता माणूस खरोखर बसला आहे काय, आणि त्याचें काम आपणांस पाहतां येतें काय, हे दोनच प्रश्न शेवटीं उरतात.

९. हें आपल्याकडे पूर्वीं कसें चालत असे, याचें उत्तम उदाहरण जेधे शकावलीचें होय. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शके १५४९ मधला, अशी बखरींवरून रूढ समजूत होती. लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेध्यांकडील शकावली १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळांत पुढें आणली, आणि तींत फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही मिति निघाली. टिळकांचें नांव मोठें, मंडळाचें नांव मोठें, म्हणून ती मिति कोणीं निमूटपणें मान्य केली काय? मुळींच नाहीं. पुढें कित्येक वर्षें वाद झाला. पण तो वाद होऊं शकला याचें कारण असें कीं, शकावली कोणाच्या घरची आहे, हें सांगितलेलें होतें, तिचा मजकूर छापलेला होता, आणि ज्यास शंका येईल त्यास एकेक नोंद ताडून पाहतां येत होती. मग शिवभारतांत तीच मिति मिळाली, जोधपुराकडील कुंडलीही तिच्याशीं जुळली. परस्परांस अनोळखी अशा साक्षी एका मितीवर येऊन मिळाल्या, तेव्हां पक्ष बळकट झाला. शकावलीस प्रामाण्य आलें तें कोणा यादीनें नव्हे, तर ती खोटी ठरविण्याची प्रत्येकास मोकळीक असतांही ती टिकली म्हणून.

१०. याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरचें आहे, आणि तें आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचें आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें नेवासें येथें सिद्ध झाली. पुढें पाठभेद फार माजले, तेव्हां पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची संशोधित प्रत केली, आणि तींत नवीन ओंव्या घालूं नयेत असें बजावलें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९०९ सालीं एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापून प्रसिद्ध केली. राजवाड्यांसारखा साक्षेपी माणूस आपल्यांत दुसरा झाला नाहीं. बखरींच्या भरंवशावर इतिहास रचूं नये हें १८९८ सालीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत त्यांनींच आपणांस शिकविलें. पण ती मूळ पोथी पुढें अभ्यासकांस ताडून पाहावयास मिळाली नाहीं. तेवढ्यामुळें त्या प्रतीच्या वयाविषयींची शंका पुरती कधींच फिटली नाहीं. यावरून निघणारा धडा स्पष्ट आहे. माणूस कितीही आप्त असो, साक्ष झांकलेली असली कीं त्याच्या शब्दासही मर्यादा पडते. मग ज्याचा संपादक कोण हेंही ठाऊक नाहीं, अशा नियतकालिकाची गोष्टच नको.

११. आतां मुक्तद्वार प्रकाशनाकडे वळूं. ज्यास हल्लीं ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात, तें हेंच. २००२ च्या बुडापेस्ट येथील निवेदनांत त्याची कल्पना अशी मांडली आहे कीं, संशोधनपर लेख कोणासही जाळ्यावर विनामूल्य वाचतां, उतरून घेतां व वांटतां यावा. लेखकाकडे राहावें तें आपल्या लेखाची अखंडता राखण्याचें व श्रेयाचें नियंत्रण. भक्षक दुकानें आपल्या दारावर हाच शब्द रंगवितात, म्हणून आपल्यांतील कित्येक वडीलधारी मंडळी ‘विनामूल्य तें कुचकामाचें’ असें म्हणूं लागली आहेत. हा अन्याय आहे. काव्येतिहाससंग्रहकारांनीं १८७८ पासून घरोघरच्या पेट्यांतील काव्यें व बखरी छापून बाहेर काढल्या, राजवाड्यांनीं साधनांचे बावीस खंड काढले, सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले, ते कशासाठीं? कोंडलेला कागद सर्वांपुढें यावा एवढ्यासाठींच ना? मुक्तद्वार ही कल्पना परकी वाटली तरी तिची ओढ आपल्या पूर्वसूरींचीच आहे.

१२. दोष द्वाराच्या मोकळेपणाचा नाहीं, द्वारावर बसून लेखकाकडून जकात घेण्याच्या एका पद्धतीचा आहे. आणि तीही सरसकट नव्हे. ‘नेचर’सारखें जगद्विख्यात नियतकालिक २०२१ पासून मुक्तद्वार लेखास ९,५०० युरो घेऊं लागलें, उलट भक्षक नियतकालिकांच्या एका अभ्यासांत त्यांचें सरासरी शुल्क अवघें १७८ डॉलर आढळलें, आणि २०१४ या एका वर्षांत त्यांनीं सुमारें ४,२०,००० लेख छापले असा अंदाज निघाला. म्हणजे शुल्क अधिक म्हणून खोटें, किंवा कमी म्हणून खरें, असें कांहीं नाहीं. २०१३ सालीं ‘सायन्स’च्या एका वार्ताहरानें ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट लेख ३०४ मुक्तद्वार नियतकालिकांस पाठविला. त्यांपैकीं १५७ जणांनीं तो स्वीकारला, ९८ जणांनीं नाकारला. स्वीकारणाऱ्यांत नामांकित प्रकाशकांचींही कांहीं होतीं, आणि मुक्तद्वार नियतकालिकांच्या सुप्रसिद्ध निर्देशिकेंत नोंदलेलींही होतीं. त्या निर्देशिकेनें मग आपल्या नियतकालिकांस नव्यानें अर्ज करावयास लावले, हें तिला भूषणावह आहे. पण यादी म्हटली कीं ती चुकूं शकते, हेंही त्यांतून सिद्ध झालेंच.

१३. मुक्तद्वार प्रकाशनाची आम्हांस गरज किती आहे, हेंही सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांस ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें, आणि ६,३०० च्या वर सरकारी संस्था, असा तिचा विस्तार आहे. योजना मोठी खरी. पण तिचा लाभ त्या संस्थांतील विद्यार्थी व अध्यापकांस आहे. शेवगांव-पाथर्डीकडे घरीं बसून ताम्रपट वाचणारा निवृत्त शिक्षक, किंवा स्वतःच्या पैशानें पोथ्या जमविणारा दुकानदार, यांस त्यांत जागा नाहीं. मराठी इतिहाससंशोधनाचें निम्मेंअधिक काम आजवर अशाच लोकांनीं केलें आहे. लेखक आणि वाचक या दोघांकडूनही कांहीं न घेणारीं प्रामाणिक नियतकालिकें हाच त्यांचा आधार आहे.

१४. तर मग संग्राहकानें आपला कागद किंवा आपला लेख कोणाच्या हातीं द्यावा? आयोगाचे सूचक निकष वाचण्याजोगे आहेत. परंतु त्यांतील पुष्कळसे बाह्य चिन्हांचे आहेत, आणि बाह्य चिन्हें तोतयास सहज उभीं करतां येतात. पोथी हातीं आली असतां आपण कागद, अक्षर, पुष्पिका, मालकी आणि पाठ पाहतों. तशाच रीतीनें नियतकालिक पाहावें. प्रथम संपादक. त्याचें नांव छापलें आहे एवढ्यावर न थांबतां त्यास त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या पत्त्यावर पत्र घालावें, आणि आपण या मंडळावर आहां काय असें विचारावें. मोठमोठ्या विद्वानांचीं नांवें त्यांच्या संमतीवांचून छापल्याचे प्रकार घडले आहेत. दुसरें, मागील अंक. त्यांतून आपणांस ज्या विषयांतलें कळतें अशा विषयावरचे दोन लेख नीट वाचावेत. अस्सल कोठें आहे, तें कोणीं पाहिलें, वाचन कोणाचें, हें जेथें सांगितलेलें नाहीं, तेथें आपला कागद देऊं नये. तिसरें, परीक्षण. परीक्षकाचा शेरा मागून घ्यावा. त्यांत लेखांतील एखाद्या विशिष्ट ओळीस, वाचनास वा मितीस हात घातलेला नसेल, तर लेख वाचला गेला नाहीं असें खुशाल समजावें. तीन दिवसांत महजर तपासून होत नाहीं, हें मीं स्वतः भोगून सांगत आहें.

१५. चौथी कसोटी दुरुस्तीची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतें तीच सर्वांत खरी आहे. नियतकालिकानें आपल्या चुका कबूल केल्या आहेत काय? मागील लेखांवरचीं उत्तरें, प्रत्युत्तरें, शुद्धिपत्रें त्यांत येतात काय? ज्याच्या दहा वर्षांच्या अंकांत एकही शुद्धिपत्र नाहीं, तें निर्दोष आहे असें न मानतां तें कोणी वाचीत नाहीं असें मानावें. पांचवी कसोटी टिकाऊपणाची. अंक त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाखेरीज दुसऱ्या कोठें, एखाद्या ग्रंथालयांत वा संग्रहांत, ठेविले जातात काय? दुकान उठलें कीं माल जातो. ग्रंथालय सहसा उठत नाहीं. शुल्क असेल तर तें आधींच स्पष्ट सांगितलेलें असावें. स्वीकृतीनंतर ज्याचा आंकडा कळतो तें शुल्क नव्हे, खंडणी होय. राहिले क्रमांक. आयएसएसएन हा केवळ ओळखीचा क्रमांक आहे, गाडीच्या पाटीसारखा. गाडी कोण कशी हांकतो हें त्यावरून कळत नाहीं. मात्र त्या क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत जें नांव व जो प्रकाशक आहे, तोच समोरच्या संकेतस्थळावर आहे ना, एवढें ताडून पाहिलें तर तोतया बहुधा उघडा पडतो.

१६. एवढें दुसऱ्यांविषयीं लिहिल्यावर आपल्याविषयीं न लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. आपल्या संशोधनसंस्थांचीं नियतकालिकें आज कशीं निघतात? वर्षानुवर्षें अंक रखडतात. जोडअंकावर जोडअंक निघतात. जुने अंक पाहावयाचे तर पुण्यास किंवा मुंबईस जावें लागतें. लेख तपासला कोणीं हें कळत नाहीं. आणि लेखक वृद्ध व मान्यवर असला तर त्याची चूक दाखविणें हा उपमर्द समजला जातो. संग्राहकांचें तर विचारूंच नये. कागद आपल्याजवळ आहे हें मिरवावयाचें, चार ओळींचा उतारा द्यावयाचा, आणि अस्सल पाहावयास मागितलें कीं किल्ली हरवली म्हणावयाचें, हा प्रकार आपण सर्वांनीं पाहिला आहे, कांहींनीं केलाही आहे. ज्या तरुण अध्यापकास सहा महिन्यांत लेख हवा, तो आपल्या दारीं येऊन दोन वर्षें कां थांबेल? तो समोरच्या दुकानांत गेला, तर त्यास वाट आपण दाखविली असें म्हणावें लागेल. आपल्या अंकांचीं पानें स्वच्छ छायाचित्रित करून सर्वांस खुलीं करावीं. प्रत्येक लेखाखालीं तो कोणत्या महिन्यांत आला व कोणत्या महिन्यांत स्वीकारला हें छापावें. आणि ज्या कागदाचें वाचन छापावयाचें, त्याचें छायाचित्र संस्थेच्या दप्तरांत ठेविल्याशिवाय लेख घेऊं नये. यांस फारसा खर्च नाहीं. या गोष्टी केल्या, तर आपलीं नियतकालिकें यादींत आहेत कीं नाहींत हा प्रश्न गौण होईल.

१७. आतां दुरुस्ती. गोदाकांठच्या पाटीलकीच्या तंट्याचा जो महजर २०१७ सालीं इ. स. १७४०-४१ मधला म्हणून प्रसिद्ध झाला, त्याची मिति शुहूर सन सलास खमसैन मया व अलफ, म्हणजे ११५३, अर्थात् इ. स. १७५२-५३ अशी समजावी. त्यांतील ‘कैलासवासी महाराज’ हा उल्लेख शाहू छत्रपतींस उद्देशून आहे असें समजावें, आणि त्या लेखांत कल्पिलेली वतनाची अधिक पिढी वंशावळींतून काढून टाकावी. ही दुरुस्ती मूळ लेखकाच्या संमतीनें, किंबहुना त्याच्या आग्रहानें, देत आहें. आपली चूक उघड छापून यावी म्हणून तो स्वतः दोन वेळां मजकडे येऊन गेला. गुरूला जें सुचावयास हवें होतें तें शिष्यास आधीं सुचलें. महजराचीं सर्व छायाचित्रें या त्रैमासिकाच्या संपादकांकडे दिलीं आहेत. ज्यास हें वाचन संशयित वाटेल, त्यानें तीं अवश्य मागून पाहावींत. आणि तो रुमाल आज ज्यांच्याकडे असेल, त्यांनीं कागद आपल्याचजवळ ठेवून केवळ तो आहे एवढें कळविलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक होईल.